गाईड वाचून आसने

मराठीच्या प्राध्यापकाच्या तोंडी ‘गाईड’ हा शब्द सहसा तिरस्कारानेच येतो. कविता न वाचता कवितेचा आशय, कादंबरी न उघडता तिच्यातील व्यक्तिरेखा आणि लेखकाचे नावही धड न लिहिता त्याच्या शैलीची पाच वैशिष्ट्ये सांगण्याची सोय ज्या पुस्तकात असते, ते गाईड. उत्तरपत्रिका तपासायला बसलो की एकच परिच्छेद तीस-चाळीस हस्ताक्षरांत भेटतो. त्यातले मुद्रणदोषदेखील विद्यार्थ्यांनी निष्ठेने उतरवलेले असतात. आम्ही उभयता नाशिकच्या दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत वीसएक वर्षे मराठी शिकवत आहोत. गाईडविषयी आमचे मत काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

अशा घरात गेल्या वर्षी फाल्गुनात एक गाईड आले आणि उन्हाळाभर त्याचे पारायण झाले. ते साहित्याचे नव्हते. तापवलेल्या खोलीत करावयाच्या आसनांचे, म्हणजे ज्याला आता सर्वत्र ‘हॉट योगा’ म्हणतात त्याचे, नवशिक्यांसाठी लिहिलेले सचित्र इंग्रजी पुस्तक होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीने ते आणले आणि म्हणाली, ‘मामा, मामी, तुम्हाला वर्गाला जायला वेळ होत नाही ना, मग निदान हे तरी करा.’

वेळेची अडचण खरीच होती. एकाचे महाविद्यालय सकाळचे, दुसरीचे दुपारचे. मात्र आसनांची गरज त्याहून खरी होती. दोघे मिळून लिहिताना ‘आमच्यापैकी एक’, ‘आमच्यापैकी दुसरी’ असे किती वेळा म्हणणार? म्हणून घरात म्हणतो तसेच ‘हे’ आणि ‘ही’ म्हणू. ह्यांच्या वडिलांना त्रेपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने नेले. ह्यांना आता सत्तेचाळिसावे आहे आणि रक्तदाबाची गोळी तीन वर्षांपासून चालू आहे. हिची पाठ खुर्ची आणि उत्तरपत्रिका यांच्यामध्ये आखडून गेलेली. तेव्हा हा छंद नव्हता. उरलेल्या वर्षांचा हिशेब होता.

नाशिकमध्ये योग शिकायला गुरू मिळत नाही, असे कोणी म्हणणार नाही. विश्वास मंडलिक यांनी उभारलेल्या योगविद्या धामामुळे या शहराच्या कित्येक घरांत आसनांची ओळख पोचली आहे. परंतु नाशिक हे पुस्तकावरून शिकणाऱ्यांचेही शहर आहे. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ येथेच, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. रोज वर्गात येऊ न शकणाऱ्या गृहिणी, कामगार, पोलीस शिपाई यांनी घरी पुस्तक वाचून पदवी घ्यावी, ही त्याची मूळ कल्पना. तेथील पुस्तकेही वाचणाऱ्याला शिक्षक समोर नाही, हे गृहीत धरून लिहिलेली असतात. तरीसुद्धा त्या विद्यापीठाला गावोगावी अभ्यासकेंद्रे काढावी लागली आणि संपर्कसत्रे ठेवावी लागली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुस्तकाला काय जमत नाही, हे पुस्तकावर शिकवणाऱ्यांनाच सर्वांत आधी कळते.

आमच्या पुस्तकाचे मूळ कोलकात्याचे. बिक्रम चौधरी हे बिष्णुचरण घोष यांचे शिष्य, आणि बिष्णुचरण हे परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू. बिक्रम १९७०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गेले. १९७८ साली त्यांचे नवशिक्यांसाठीचे पुस्तक निघाले आणि पुढे त्यांच्या नावाच्या शाळा जगभर पसरल्या. खोलीचे तापमान १०५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ४०.५ अंश सेल्सिअस. हवेतील आर्द्रता ४० टक्के. वेळ ९० मिनिटे. आणि २६ क्रियांचा ठरलेला क्रम. आरंभी उभ्याने दीर्घ श्वसन, शेवटी वज्रासनात कपालभाती, मध्ये चोवीस आसने. पुढे २०१३ पासून बिक्रम यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप करणारे दावे अमेरिकेत दाखल झाले. आरोप त्यांनी नाकारले. परंतु २०१६ मध्ये त्यांच्या माजी कायदेविषयक सल्लागार महिलेच्या दाव्यात ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांच्या अटकेचा हुकूम काढला. अनेक शाळांनी त्यांचे नाव पाटीवरून उतरवले आणि नुसते ‘हॉट योगा’ ठेवले. आमचे पुस्तकही त्या नंतरचे, दुसऱ्याच लेखकाचे. क्रम मात्र तोच.

हे सारे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की गुरू विरुद्ध पुस्तक हा वाद वाटतो तितका सरळ नाही. गुरूजवळ डोळे असतात, हात असतात; त्या हातांचा गैरवापरही होऊ शकतो. पुस्तक कोणाच्या अंगाला हात लावत नाही. एकट्या विद्यार्थ्याला पुस्तकाचा जो निर्धोक एकांत मिळतो, त्याचे मोल आम्ही शिक्षक असूनही नाकारणार नाही.

आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले. ह्यांना त्यांनी उष्ण खोली साफ वर्ज्य केली. हिला परवानगी दिली ती अटींवर: अर्धाच वेळ, जवळ पाणी, चक्कर वाटताक्षणी थांबणे, आणि एकटीने मुळीच नाही. या शेवटच्या अटीने आमच्या साऱ्या उपक्रमाला आकार दिला. ह्यांची आसने सकाळी सहाला गच्चीवरच्या गारव्यात. तेव्हा ही पुस्तक वाचून दाखवणार. हिची दुपारी चारला, वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील खोलीत. तेव्हा हे दाराशी बसून वाचणार. उष्णता विकत घ्यावी लागली नाही. पूर्वी थंड हवेचे म्हणून ज्या नाशिकची ख्याती होती, तेथे एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो. खिडक्या लावल्या की भिंतीवरचा तापमापक ३७-३८ दाखवी. अमेरिकेत ज्यासाठी यंत्रे लावतात, ते पत्र्याच्या छपराखालच्या माणसांना आपल्याकडे रोज फुकट मिळते, हा विचार पहिल्याच दिवशी मनात येऊन गेला. असो.

पहिली अडचण आली ती नावांची. तीही भाषेच्या प्राध्यापकांना यावी तशीच आली. पुस्तकात ‘दंडायमान-बिभक्तपाद-पश्चिमोत्तानासन’ असे लांबलचक नाव होते. ‘बिभक्त’ म्हणजे काय, यावर आम्ही क्षणभर अडलो आणि मग हसू आले. ते आपले ‘विभक्त’च. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो. तो उच्चार कोलकात्याहून अमेरिकेत गेला आणि रोमन लिपीतून नाशिकला परत आला. ‘दंडायमान’ म्हणजे उभे राहिलेले. पाय फाकून, उभ्याने पुढे वाकणे, एवढाच त्याचा अर्थ.

पण सगळ्याच नावांचा उलगडा असा होत नाही. या क्रमात ज्याला ताडासन म्हटले आहे, त्यात एका पायावर उभे राहून दुसरे पाऊल मांडीवर ठेवायचे असते. आपल्याकडे अनेकजण ज्यांना प्रमाण मानतात, त्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६च्या ‘लाइट ऑन योग’मध्ये ताडासन म्हणजे नुसते ताठ उभे राहणे, एका पायावरचे ते वृक्षासन. येथे पादांगुष्ठासन म्हणजे चवड्यावर तोल सांभाळून बसणे, तेथे वाकून पायांचे अंगठे धरणे. येथले तुलादंडासन म्हणजे जवळजवळ तेथले तिसरे वीरभद्रासन. आमच्याच ज्ञानेश्वरीत सहाव्या अध्यायात मूळबंधाचे दुसरे नाव म्हणून ‘वज्रासन’ येते. आणि तेथले बसणे आजच्या वर्गात वज्रासन म्हणून जे गुडघे दुमडून बसणे शिकवतात, त्याहून अगदी निराळे आहे. शब्द कायम राहतो आणि त्याच्याखालचे शरीर बदलते. साहित्याच्या वर्गात ‘रस’, ‘रीती’ असे शब्द शिकवताना हेच आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. पण तेथे शब्द चुकला तर गुण जातात. येथे गुडघा जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. मराठीतील आसनांची पुस्तके, पाककृतींच्या पुस्तकांप्रमाणेच, विध्यर्थात लिहिलेली असतात: उजवा पाय उचलावा, श्वास सोडावा, सावकाश खाली यावे. या ‘वा’-‘वे’मध्ये एक सभ्यता आहे; पण त्यात कोणाकडे पाहणे नाही. पाय कोणी उचलावा? जो वाचेल त्याने. इंग्रजी आज्ञार्थाला ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत भेद नसल्याने तोही तसाच दूरस्थ. आता हे इंग्रजी पुस्तक वाचून दाखवताना आम्ही आपोआप मराठी करू लागलो, आणि तत्क्षणी प्रश्न आला, की कोणते रूप वापरावे? ‘उचलावा’ म्हणून पाहिले. समोरचा माणूस फरशीवर घामेजलेला असताना ते फारच परके वाटले. मग ही ह्यांना ‘पाय वर घ्या, अजून थोडा’ म्हणू लागली आणि हे हिला ‘घाई नको गं, आधी श्वास सोड’. पुस्तकात ‘अजून थोडा’ कोठेही नव्हते. ‘घाई नको’ही नव्हते. ते शब्द समोरच्या शरीराकडे पाहून आले होते. पुस्तकाचे मराठी भाषांतर होत नव्हते. त्याचे शिकवण्यात रूपांतर होत होते.

या योगप्रकारात एक विलक्षण गोष्ट अशी, की मूळ बिक्रम-वर्गात शिक्षक स्वतः आसन करून दाखवत नाही. तो फक्त बोलतो. ते बोलणेही ठरलेले असते. प्रशिक्षणात ते पाठ करावे लागते, आणि त्याला नाव आहे ‘डायलॉग’. वास्तविक बोलणारा एकच असल्याने आपण त्याला एकभाषित म्हणू. म्हणजे जगभरच्या त्या तापलेल्या खोल्यांतून एक पुस्तकच पाठ म्हटले जात होते, आणि समोरच्या आरशात पाहून ज्याने त्याने आपल्याला दुरुस्त करायचे होते. या शब्दांची मालकी कोणाची, हा प्रश्न अमेरिकेच्या न्यायालयातही गेला. २०१५ साली तेथील नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला, की आसनांचा क्रम ही एक पद्धती आहे. तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळू शकत नाही. पुस्तकातले शब्द लेखकाचे, त्यांत वर्णिलेली कृती मात्र करणाऱ्या सर्वांची. कायद्याच्या भाषेत सांगितलेले हे वाक्य आम्हांला समीक्षेचे वाटले.

आता उष्णतेविषयी. तापलेल्या खोलीत स्नायू लवकर सैलावतात, हा अनुभव खरा आहे. सकाळी ज्यांचे हात पोटरीशी अडत, त्यांची दुपारी बोटे घोट्याला लागावीत, इतका फरक. पण हा सैलपणा फसवा असतो. ताणाची सूचना देणारी वेदना उशिरा येते, आणि मग स्नायू किंवा संधिबंध त्यांच्या मर्यादेपलीकडे खेचले जाण्याचा धोका राहतो. घामाबरोबर विषे निघून जातात, असे पुस्तकात मोठ्या अक्षरांत छापले होते. ते काम मुख्यत्वे यकृत आणि मूत्रपिंडांचे. घामाचे काम शरीर थंड ठेवण्याचे, आणि त्यात जाते ते पाणी आणि मीठ. जुन्या ग्रंथकारांनीही नवशिक्याला सावधच केले आहे. हठप्रदीपिकेत आरंभीच्या काळात अग्नीचे सेवन टाळायला सांगितले आहे. घेरंडसंहितेत योगाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, ग्रीष्मात करू नये, असे आहे. आम्ही पाडव्याला आरंभ केला, म्हणजे पंचांगाने वसंतातच. नाशिकच्या उन्हाने मात्र पंचांग वाचलेले नव्हते.

वैशाखातल्या एका दुपारी ही पश्चिमोत्तानासनात होती. पुस्तकाचे म्हणणे होते, तीस आकडे मोजेपर्यंत स्थिर राहा आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर आणखी खाली जा. ती जात होती. तिला छान वाटत होते. इतके वाकता येते याचाच आनंद होता. हे अठरापर्यंत मोजून थांबले आणि म्हणाले, ‘पुरे.’ ती म्हणाली, ‘अहो, अजून बारा आहेत.’ हे म्हणाले, ‘पुरे गं. सावकाश वर ये आणि बाहेर चल.’ ओठांचा रंग उतरला होता आणि श्वास वरवरचा झाला होता. हे तिला दिसणे शक्य नव्हते, कारण तिचे तोंड गुडघ्यांकडे होते. पुस्तकाला दिसणे शक्यच नव्हते. बाहेर पंख्याखाली नाडी मोजली, ती फारच जलद होती. लिंबू, मीठ आणि साखर घातलेले पाणी दिले. अर्ध्या तासात सारे पूर्ववत झाले.

काही झाले नाही, हीच त्या दुपारची घटना. जे टळले त्याची नोंद कोणत्याही पुस्तकात होत नसते. पण त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. छापलेल्या पानाला किती तरी गोष्टी सांगता येतात: काय करावे, कसे करावे, किती वेळ करावे, कोणी करू नये. ‘थांबा’ हेही त्यात छापता येते, आणि आमच्या पुस्तकात ते होतेही. न येणारी गोष्ट एकच: नेमक्या क्षणी, नेमक्या माणसाला ते म्हणणे. अय्यंगारांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम दिला आहे. जवळजवळ सहा वर्षे! आमच्या गाईडात तीस दिवसांचा तक्ता होता. तीनशे आठवडे देणारा लेखक बहुधा जाणून होता, की आपण समोर नाही. म्हणून त्याने डोळ्यांची उणीव काळाने भरून काढली.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, आसन कोठे मांडावे, टाच कोठे टेकावी, पाय कसे रचावेत हे मराठीत सांगितले. आसनविधीचे इतके तपशीलवार मराठी वर्णन त्याआधीचे आमच्या वाचनात नाही. पण ती ओवी एका ऐकणाऱ्यासमोर आहे. समोर अर्जुन आहे, भोवती श्रोते आहेत, आणि बोलणारा वरचेवर त्यांच्याकडे वळून पाहतो. त्यांच्या मागे निवृत्तिनाथ आहेत, आणि निवृत्तिनाथांना परंपरेप्रमाणे गहिनीनाथ भेटले ते येथून अवघ्या तीस किलोमीटरच्या आत, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर. त्र्यंबक रस्त्याने जाताना तो डोंगर दिसतो, तेव्हा आता आम्हांला त्या भेटीतला चमत्कार आठवत नाही; कोणीतरी कोणालातरी पाहिले आणि मग सांगितले, हा क्रम आठवतो.

पावसाळा लागला आणि दुपारची खोली बंद झाली. सकाळची आसने दोघांचीही चालू आहेत, एकमेकांना वाचून दाखवत. ह्यांची गोळी डॉक्टरांनी बंद केलेली नाही, मात्राही कमी केलेली नाही. हिची पाठ उत्तरपत्रिकांच्या दिवसांत अजून दुखते, पण पूर्वीइतकी नाही. याहून मोठा लाभ सांगणे खोटे होईल.

बदल झाला तो आणखी एका ठिकाणी. जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हिने तृतीय वर्षाच्या वर्गाला सांगितले, की बाकाखाली लपवलेली गाईड वर काढा. वर्गात मुले-मुली मिळून अकरा. दर वर्षी ही संख्या घटते आहे, आणि विभाग आणखी किती वर्षे राहील हा प्रश्न दोन्ही महाविद्यालयांत आहे. एकाने गाईडातला ‘आशय’ मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी कवितेच्या पानावर बोट ठेवून ऐकायचे, आणि जे कवितेत नाही ते ऐकू आले की ‘थांब’ म्हणायचे, असा नियम ठेवला. पहिले दोन तास कोणीच काही बोलले नाही. गाईडाला थांब म्हणण्याची सवय कोणालाच नव्हती. तिसऱ्या तासाला, गाईडात कवितेतील निसर्गसौंदर्याचे वर्णन चालले असताना, पेठ तालुक्यातून रोज एस.टी.ने येणारी एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, थांबवा. यात विहीर आटलीय.’

सगळ्यांनी पुन्हा कवितेकडे पाहिले. विहीर खरोखरच आटलेली होती. घंटा होईपर्यंत मग त्या विहिरीवरच बोलणे झाले, आणि गाईड तसेच बाकावर उघडे पडून राहिले.